सात क्रमांकाची सुरी

“सात क्रमांक. डावा हात,” असे म्हणून धातुतज्ज्ञांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली.

संचालकांची पेन्सिल यादीवर अडखळली. आधीच्या सहा उत्तरांपुढे त्यांनी चटकन बरोबरच्या खुणा केल्या होत्या. “पुढच्या पाच सांगा,” एवढेच ते म्हणाले.

धातुतज्ज्ञांनी आठवी सुरी उचलली. नदीच्या गाळातून निघालेल्या, सहाशे वर्षांपूर्वीच्या तीनशे एक्केचाळीस सुऱ्या त्यांनी चार वर्षे तपासल्या होत्या. राजांच्या किंवा सैनिकांच्या नव्हेत. जेवताना वापरायच्या, दोर कापायच्या, कमरेला अडकवायच्या साध्या सुऱ्या. मुठीची झीज आणि पात्यावरचे ओरखडे पाहून त्या कोणत्या हाताने वापरल्या हे सांगता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. “हात न बघता हात बघणार! ज्योतिषीच झालात की हो,” असे म्हणत संचालकांनी अट घातली होती. आजच्या घरांतल्या बारा सुऱ्या, मालकांची नावे झाकलेली. एक जरी चुकली, तरी अहवाल छापायचा नाही. धातुतज्ज्ञांच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते.

पुढच्या पाचही बरोबर निघाल्या.

“बारापैकी अकरा,” संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि तेच अधिक बोचले. “सातवी उजव्या हाताची आहे. मलाही वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं.”

“मला एकदा पुन्हा पाहू द्या.”

त्यांनी सुरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भिंग फिरवल्यावर दृश्य स्पष्ट झाले. घाईत एक गोष्ट नजरेतून सुटली होती. डाव्या हाताच्या ओरखड्यांखाली आणखी एक थर होता, जुना आणि उजव्या हाताचा. लाकडी मुठीवर उजव्या अंगठ्याने वर्षानुवर्षे पाडलेला खळगा होता; त्यात आता मळ साचला होता. वरचे ओरखडे अवघ्या दोन-तीन महिन्यांचे होते. उथळ, वाकडेतिकडे, एकाच जागी पुन्हा पुन्हा उमटलेले.

त्यांचा जीव भांड्यात पडला.

“यादीही खरी आणि मीही खरा,” ते म्हणाले. “ही व्यक्ती जन्माची उजवी. हल्ली तिच्या उजव्या हातात पकड राहिलेली नाही, म्हणून ती डाव्याने कापते. दोन्ही थरांत पातं टेकवायची ढब एकच आहे, म्हणजे घरात दुसरं कोणी या सुरीला हातही लावत नाही. विचारा हवं तर त्यांना.”

संचालकांनी सहायिकेकडे पाहिले. सुऱ्या तिनेच गोळा केल्या होत्या.

“कुणाची आहे?” संचालकांनी विचारले.

“सर, ती... तुमच्या घरची आहे,” ती धातुतज्ज्ञांना म्हणाली. “तुम्ही इथे होतात तेव्हा आणली. काकूंनी ‘उजवा’ असंच सांगितलं. फॉर्म मात्र मलाच भरायला लावला. चष्मा सापडत नाही म्हणाल्या.” तिने फॉर्म काढून दाखवला. “चष्मा तर त्यांच्या डोळ्यांवरच होता, सर.”

धातुतज्ज्ञांनी सुरी उचलली. छत्तीस वर्षे ते या सुरीने चिरलेले जेवत आले होते. ती त्यांना ओळखू आली नव्हती.

“म्हणजे बारापैकी बारा,” संचालक हळूच म्हणाले. “अहवाल छापायला पाठवतो मी.”

धातुतज्ज्ञांचे लक्ष नव्हते. त्यांनी घरचा क्रमांक फिरवला होता. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

“अगं, तुझा उजवा हात कधीपासून चालत नाही?”

पलीकडून पत्नीचा चिडलेला आवाज आला.

“डॉक्टरांनी कळवलं ना तुम्हाला? अहवाल छापून होईपर्यंत बोलू नका, असं बजावलं होतं मी त्यांना!”