जायफळाचा लेप

शेजारच्या चंद्रावतीला समोर बसवून गंगाबाई तिच्या गालांवरच्या खड्ड्यांना दुधात उगाळलेलं जायफळ लावत होती. पनवेलच्या बाजारातून मुद्दाम मागवलेलं. मागल्या महिन्यात गंगाबाईच्या शिवाला देवी आल्या, तेव्हा सख्खे दीर-जावाही उंबऱ्याबाहेरून परतले. "देवी येकदा येऊन गेल्या का परत नाय येत," म्हणत एकटी चंद्रावती आत शिरली आणि पोर उठून बसेपर्यंत त्याच्या उशापासून हलली नाही.

"तुझे देवीचे वण जातील बग यानं," गंगाबाई म्हणाली.

चंद्रावती हसली. "देवीचे कुठले, वयनी? मुरमांचे हायेत ते. मला देवी कवा आल्याच नाय."

गंगाबाईची बोटं गालावरच थांबली. मग तिने पदराने सगळा लेप पुसून काढला, चंद्रावतीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"ऱ्हाऊ दे गो हे वण. नायतर दृष्ट लागंल तुला."