ओरखडा

बंब गल्लीच्या तोंडाशीच अडला. मधोमध तीच चकचकीत गाडी उभी होती. गेल्या वर्षी समोरची इमारत पेटली तेव्हाही ती तिथेच होती, आणि तिचा मालक किल्ली घेऊन रमतगमत खाली उतरला होता. "एक ओरखडा जरी आला, तरी एकेकाची नोकरी घालवीन," असा दमही त्याने भरला होता. तेवढ्या वेळात तिसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई गुदमरून गेली.

आज आग त्या मालकाच्याच घराला लागली होती. गॅलरीत तो खोकत, हात जोडत उभा होता. "अहो, बघताय काय? चेंदामेंदा करा गाडीचा, पण आत या!"

ड्रायव्हर जागचा हलला नाही. बंबाच्या खिडकीतून डोकं काढून थंडपणे म्हणाला, "किल्ली टाका, साहेब. उगाच ओरखडा यायचा."

"किल्ली आत राहिली! मेलो मी!" मालक ढसाढसा रडू लागला.

तेवढ्यात मागच्या जिन्याने वर गेलेल्या जवानांनी मालकाला मागून धरलं आणि सुखरूप खाली आणलं. जरा धड श्वास घेता आला तसा तो ड्रायव्हरवर उखडला. "माणसं मागून वर चढतायत हे माहीत होतं तुला! मग सांगितलं का नाहीस? काय अवस्था झाली असेल माझी तिथे!"

"ठाऊक आहे," ड्रायव्हर म्हणाला. "गेल्या वर्षी समोरच्या खिडकीतून माझी ताईही मला अशाच हाका मारत होती."