कढीपत्त्याखाली

"चष्मा लावला की जमीन वर आल्यासारखी वाटते गं," म्हणत द्वारकाबाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि त्यांनी सूप पुढ्यात ओढलं. साठी उलटली तरी त्यांनी चष्म्याचं नाव काढू दिलं नव्हतं. यजमान सांगून सांगून थकले, आणि गेल्या महिन्यात गेलेही. शेवटी लेकीनंच ओढत दुकानात नेलं.

डब्यातले निवडलेले तांदूळ त्यांनी सहज सुपात ओतले. त्यांत पांढरे खडे होते, काळे खडे होते, साळीचे दाणे होते.

"हे कुणी निवडले?"

"तूच की," लेक बोलून गेली.

द्वारकाबाईंना यजमानांचं ताट आठवलं. जेवून उठले की ताटाच्या कडेला आमटीतली कढीपत्त्याची पानं एकावर एक नीट रचलेली असायची. "पाला खाल्ला तर काय बिघडतं तुमचं?" म्हणून त्या रोज तोंडसुख घ्यायच्या. ते नुसते हसायचे. ताट स्वतःच मोरीत नेऊन ठेवायचे. पानांखाली काय आहे, ते त्यांनी कधी बघू दिलं नाही.

"तुझ्या अण्णांना कढीपत्ता आवडत नव्हता ना गं?"

"कोण म्हणतं? चिवड्यातला तर वेचून वेचून खायचे."

द्वारकाबाईंनी मान डोलावली. रडू काही आलं नाही. सुपातला एक खडा त्यांनी उचलून तळहातावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. चष्म्यातून तो केवढा तरी मोठा दिसत होता.