स्ट्रॉबेरीवर खापर

"स्ट्रॉबेरी," डॉक्टर हेनिंग म्हणाला आणि त्याने घरी सोडण्याच्या कागदावर सही ठोकली. "यापुढे आयुष्यभर बंद."

खाटेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची सिग्ने बसली होती. तीन दिवसांपूर्वी, मिडसमरच्या सणाच्या संध्याकाळी, तिची जीभ तोंडात मावेनाशी झाली. गावाबाहेर एकटी राहणारी बाई. अँब्युलन्स पोचायला पाऊण तास लागला. पाचेक मिनिटं आणखी गेली असती तर ती वाचली नसती.

जूनमध्ये आमच्याकडे कुणालाही काहीही झालं की खापर स्ट्रॉबेरीवर फुटतं. पुरळ उठलं, स्ट्रॉबेरी. पोट बिघडलं, स्ट्रॉबेरी. सणाला ती सगळ्यांनीच खाल्लेली असते, त्यामुळे डॉक्टरचं काम सोपं होतं.

"सांधेदुखीची नवी गोळी परत लिहिलीयस," इल्वा म्हणाली. ती हॉस्पिटलची फार्मासिस्ट. आलेल्या प्रत्येक पेशंटजवळ बसून घरी कोणती औषधं घेता ते विचारणं हे तिचं काम, आणि काल ती सिग्नेजवळ तासभर बसली होती.

"गुडघे दुखतात त्यांचे."

"गोळी सुरू झाली मार्चमध्ये. एप्रिलमध्ये तिचे ओठ एकदा सुजून गेले. तेव्हा तिच्या वाफ्यांवर वीतभर बर्फ होता, हेनिंग. कुठली स्ट्रॉबेरी?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं गार वाऱ्याने सुजले," सिग्ने म्हणाली. "आणि तू विचारलंस कुठे?"

हेनिंगने घसा साफ केला. ही गोळी या भागात त्यानेच आणली होती, आणि तिच्याबद्दल तो सभांमधून बोलतही असे. "चाळीस जणांना दिलीय. एकालाही त्रास नाही. इल्वा, गोळीनेच झालं अशी खात्री आहे तुला?"

"नाही. औषध-खात्याच्या फॉर्मवर संशय विचारतात, खात्री नाही. खात्रीसाठी काय आणखी एक जीभ सुजायची वाट बघू?"

"माझ्या संमतीशिवाय काही कळवायचं नाही."

"संमतीचा रकाना फॉर्ममध्ये नाही. शोधला मी."

तिने नर्सचा कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. औषध-खात्याचा फॉर्म कालच भरून ठेवला होता. कळवणाऱ्याच्या जागी तिने आपलं पूर्ण नाव आणि फोन नंबर घातला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाठवून दिला.

"झालं समाधान? आता मला पुढच्या पेशंटकडे जाऊ दे."

पण कागदावरची गोळी तशीच होती. ती खोडायचा अधिकार एकट्या हेनिंगचा. संध्याकाळपर्यंत सिग्ने पुन्हा आपल्या घरी पोचणार होती, पाऊण तास लांब, आणि तिच्यासोबत तीच गोळी जाणार होती.

सिग्नेने खिडकीकडे हात लांबवला. शेजारणीने काल आणलेलं स्ट्रॉबेरीचं भांडं नर्सने तिथे सरकवून ठेवलं होतं.

"सिग्ने, थांब," इल्वा पुढे झाली.

"सत्तर वर्षं पिकवतेय मी ही," सिग्ने म्हणाली आणि एक तोंडात टाकली. सावकाश चावून गिळली. मग दुसरी. मग तिसरी, देठासकट. दाराशी नर्स इंजेक्शन हातात घेऊन उभी राहिली. भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलं, आणि हेनिंग पुढच्या पेशंटकडे गेला नाही.

वीस मिनिटांनी सिग्नेने त्याला जीभ काढून दाखवली. लाल झाली होती, तेवढंच.

मग तिने कागदाचा छोटा कप उचलला. तीन दिवस बंद असलेली गोळी आज सकाळी त्यात परत आली होती. तिने तो हेनिंगपुढे धरला.

"माझी मी खाल्ली," ती म्हणाली. "आता तुझी तू खा."

हेनिंगने कपाकडे पाहिलं, मग इल्वाकडे. मग त्याने खिशातून पेन काढलं.