चार बोटांची चीर

धाकट्या भावाच्या घरी, भरल्या टेबलाशी, ओब्रादने शर्टाची बटणं सोडली. दर स्लावाला सोडायचा. घरच्या संताचा सण, पाव कापून झाला, राकियाचा पहिला पेला पोटात गेला, की छातीवरचा तो जाडजूड व्रण पाहुण्यांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"कवाडासारखी छाती उघडली होती माझी!" तो म्हणाला. "वर्षभर पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही."

"वाघ आहेस, वाघ!" पाहुण्यांनी पेले उंचावले.

त्याची धाकटी भावजय ल्युबिंका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गेल्याच महिन्यात तिच्या हृदयाची झडप बदलली होती. उजव्या स्तनाखाली चार बोटांची चीर देऊन, फासळ्यांच्या मधून. जड काही उचलायचं नाही, दमायचं नाही, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, मिलोयेला, समोर बसवून सांगितलं होतं. या पठ्ठ्याने त्यातलं 'छोटीशी चीर' एवढंच ऐकलं! आख्ख्या गोतावळ्याची सारमा कालपासून तिनेच वळली होती. कोबीच्या एकेका पानात खिमा भरताना तिला मधूनमधून भिंतीला टेकावं लागत होतं.

"अगं, सारमा आण की," मिलोये वाइन ओतता ओतता ओरडला. "लोक ताटकळलेत."

"भांडं जड आहे. तू आण."

"झालं हिचं सुरू!" ओब्राद म्हणाला. "तुझं कसलं गं ऑपरेशन? डास चावला असेल. कुठंय व्रण? दाखव तरी!"

हशा पिकला. मिलोयेही हसला, आणि ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. काय दाखवायचं होतं तिने? दिराने छाती उघडी टाकली की पराक्रम. तिने नुसता बटणाला हात लावला असता, तर याच लोकांनी तिची अब्रू वेशीवर टांगली असती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचं हृदय थांबवलं होतं ना?"

"म्हणजे काय! यंत्रावर होतो मी."

"माझंही थांबवलं होतं. मीही यंत्रावरच होते. चोर दार न मोडता खिडकीतून शिरला, म्हणून चोरी लहान होते का?"

ओब्राद खाली बघून बटणं लावू लागला.

स्लावाला घरच्यांनी बसायचं नसतं. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत उभ्याने वाढायचं, अशी रीत. ल्युबिंकाने एप्रन सोडला, मिलोयेच्या हातात कोंबला, आणि ओब्रादशेजारची खुर्ची ओढून खुशाल बसली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आत्याने झटकन छातीवर क्रूसाची खूण केली.

"अगं, काय हे? लोक काय म्हणतील?" मिलोये पुटपुटला.

"भांडं चुलीवर आहे," ती म्हणाली. "फडक्याने धर, कान तापलेत त्याचे. आणि आधी मला वाढ."