वारो लागलेली गाडी

“वारो लागलो म्हणजे गाडयेक नेमका काय होता, दाजीनू?” जानकीने विचारले.

दाजी मिस्त्री ट्रकखालून सरपटत बाहेर आले. मालवणात डिझेलची गाडी उघडून पुन्हा जोडणारे तेवढेच एक, आणि मूळचे जानकीच्या माहेरचे शेजारी. प्रश्न ऐकून ते हसले.

“भुताचो वारो न्हय गो. डिझेलच्या नळयेत हवा शिरता, तिका आमी वारो म्हणतो. पण तुका ह्या कित्याक व्हया?”

“ह्यांची गाडी सारखी बंद पडता. म्हणान.”

हे अर्धेच खरे होते. तिचा नवरा गुरुदास मालवणातून सुकी मासळी बेळगावला नेत असे. दिवाळीपासून त्याची गाडी चार वेळा बंद पडली होती. चारही वेळा आंबोलीला, दिवेलागणीच्या सुमारास, सुगंधाच्या चहाच्या दुकानासमोर. रात्रभर तिथेच मुक्काम, आणि सकाळी गाडी आपली चालू. कारण विचारले की तो सांगे, कधी वारो लागला, कधी डिझेलमध्ये पाणी आले, कधी कचरा अडकला.

मासळीबाजारात गोदूबाईने सगळ्यांदेखत टोमणा मारला होता, “जानक्या, तुझ्या घोवाची गाडी शाणी गो! बरोबर च्याय गावता थंयच बसता.” पाट्यांमागे बसलेल्या बायका खदखदून हसल्या होत्या.

सुगंधा विधवा होती. जानकीने तिला एकदाच, बसच्या खिडकीतून पाहिले होते. कमरेपर्यंतचे केस तेवढे लक्षात राहिले. तेव्हापासून वेणी घालताना जानकीचा हात थांबे.

गाडीवरचा क्लिनर मुंबईला गेला, तर गुरुदासने दुसरा ठेवला नाही. साक्षीदार कशाला हवा, असे जानकीच्या मनात आले. घरी मात्र तो अचानक गोड झाला होता. रात्री जेवताना ताट तिच्याकडे सरकवून म्हणे, “काटे तूच काढून दी गो. तुझ्या हाताक चव आसा.” दहा वर्षांत कधी हाताचे कौतुक केले नव्हते. ती बांगड्याचा काटा काढी, आणि प्रत्येक काटा तिलाच बोचे.

दाजींनी एक रिकामा डबा उलटा करून तिला बसायला दिला. कुणी शिकायला आले की त्यांना हातातल्या कामाचीही आठवण राहत नसे.

“तुझ्याकडे स्टो आसा मां? रॉकेलात पाणी गेला तर काय करता?”

“तडतडता. मधीच विझता, मधीच पेटता.”

“इंजिनाचाय तसाच. पाणी गेला तर अडखळता, ठोके चुकता, पांढरो धूर सोडता. आता, स्टोच्या भोकात कचरो बसलो तर?”

“पेटता, पण जोर नाय.”

“शाबास! कचरो अडाकलो तर गाडी सपाटीर धावात, चढावार दम सोडीत. आणि वारो लागलो तर रडणाऱ्या पोरासारखी हुंदके देता. वर जाता, खाली येता, मगे मरता.”

जानकीने सगळे मनात घोळवले. मग खाली बघत विचारले, “आणि ड्रायव्हरानच बंद केल्यान तर?”

हात पुसता पुसता दाजी थांबले.

“तर कुरकुर नाय. दांडी ओढली, डिझेल तुटला, इंजिन गप.” हातातली चिंधी खाली ठेवून ते म्हणाले, “तुझ्या घोवाची गाडी मी मागे उघडून बघलेली, माका कायच गावूक नाय, पोरी. पण एक सांगतंय. लोक येतत ते आधीच ठरवन येतत, काय बिघडला ता. मी तेंचा ऐकणंय नाय. गाडयेचा ऐकतंय.”

शुक्रवारी गुरुदासची बेळगावची खेप होती; त्या सकाळी जानकीने कपड्यांचे गाठोडे बांधले. तोंडवलीला आईकडे जाते, असे तिने गुरुदासला सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते. आज लबाडी सापडली तर आंबोलीहून थेट माहेरी जायचे आणि परत यायचे नाही, असे तिचे ठरले होते.

दोन एस्ट्या बदलून ती आंबोलीला पोचली, तेव्हा उन्हे कलली होती. दुकानासमोरच्या मोरीच्या कठड्यावर ती बसली. सुगंधाने चहा आणून दिला. केस खरेच लांब होते.

“कोणाची वाट बघतंस, बाये?”

“आमच्या माणसाची.”

“मी पण एकाची बघतंय,” सुगंधा हसली. “येतलोच आता.” आणि कळशी घेऊन ती दुकानामागे पाण्याला गेली.

जानकीने चहा तसाच कठड्यावर ठेवला.

मग खालच्या वळणावरून ट्रकचा आवाज आला. जानकीने डोळे मिटले आणि ऐकू लागली. चढावर इंजिन दमदार ओढत होते. म्हणजे कचरा नाही. ठोका चुकत नव्हता, पाणी नाही. हुंदका नाही, वर-खाली नाही, वारोही नाही. दुकानासमोर येताच आवाज सुरीने कापल्यासारखा तुटला.

दांडी ओढली होती.

ती उठली. चार महिने जुळवलेले शब्द जिभेवर होते. डोंगरावर अजून सूर्याची कड दिसत होती आणि रस्ता तांबूस उजेडात स्वच्छ होता. एक हात गाडीला धरून गुरुदास खाली उतरला. जानकी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, दोन हातांवर. डोक्यावरचा पदरही तिने मागे सारला. बघू दे तोंड. लाजू दे.

गुरुदासने तिच्याकडे पाहिले. तो दचकला नाही, की त्याने मान खाली घातली नाही. उलट हसला आणि तिच्या दिशेने हात पुढे केला.

“सुगंधा, इलंस मां? हात धर गो, दुकानापर्यंत ने. आज तर दिस बुडाच्या आदीच माका दिसाचा बंद झाला.”