दोन खोल्यांची झोपडी

"आपला माणूस तिथं बसला असताना हॉटेलात राहाले जाता? लोकं काय म्हणतीन बाप्पा!" चंपतरावनं चहाची बशी ठण्णकन खाली ठेवली.

रोहितनं मोबाईल पालथा घातला. त्याची बायको भूमिका पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडं पाहून राहिली होती. आता बोल बापासमोर, असं ते पाहणं होतं.

लग्न झाल्यावर हे दोघं मालवणले गेले होते. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारली. तवापासून भूमिकाले माशांचं येड लागलं. आता दोघं पार कॅरिबियन समुद्रात, बोनेअर नावाच्या बेटावर जाणार होते. तिथं म्हणे काठावरून पाण्यात उतरलं का खाली मासेच मासे, लाल, पिवळे, निळे. तिकिटं झाली होती. राहाचं कुठं, तेवढं बाकी होतं.

आणि तिथंच घोडं अडलं. त्या बेटावर मिठाच्या कारखान्यात प्रेमानंद मेकॅनिक होता. बाबारावचा पोरगा. चंपतरावचा सख्खा नाही, चुलत नाही, पण गावचा. चंपतरावले तेवढं बस होतं.

"मामाजी, त्याच्या घरी कोण कोण आहे?" भूमिकानं सासऱ्याले विचारलं.

"तो, त्याची बायको, तीन पोट्टे आणि सासू. भरलं घर आहे वं पोरी! मस्त करमन तुले."

भरल्या घराचंच तर दुखणं होतं. नागपुरात बेसा भागातला यायचा फ्लॅट लहान. कूलर एकच, तोही हॉलमध्ये. लग्न झालं एप्रिलमध्ये, भर उन्हात. पहिल्या रात्रीपासून चौघांच्या गाद्या हॉलमध्ये ओळीनं. चंपतराव, मग रोहितची आई वच्छलाबाई, मग भूमिका, मग रोहित. दुसरा उन्हाळाही तसाच गेला. रोहितची ड्युटी दूर, बुटीबोरीच्या कारखान्यात. नवराबायकोचं खासगी बोलणं व्हायचं ते गाडीवर, हेल्मेटातून, ओरडून. भूमिकाले त्या बेटावर दोनच गोष्टी पाहिजे होत्या. मासे आणि रोहित.

"तू नाही बोलत तर मी बोलते मामाजीले," ती गच्चीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "तिथंही ओळीनंच झोपाचं असन तर मी इथंच अंबाझरी तलावावर मासे पाहते."

रोहितनं तिथूनच प्रेमानंदले फोन लावला. दादा, असं असं आहे, तुम्हीच काही करा.

प्रेमानंद पोटभर हसला. "अरे, मीही कधी नवा नवरा होतो गा! सांगतो काकाजीले, घराले रंग लागून राहिला म्हणून. तू बिनघोर राय."

रविवारी त्यानं व्हिडिओ कॉल केला. पठ्ठ्या हातात ब्रश घेऊन उभा! नाकाले पांढरा रंगही लावला होता.

"काय सांगू काकाजी! सारं घर उकरून ठेवलं. सासू स्वयंपाकघरात झोपून राहिली. तिले तर एकटीले भेव वाटते. पोट्टे त्या वासानं खोकलून बेजार."

"अरेरे," चंपतराव म्हणाला. "किती दिवस चालन हे?"

"महिना तरी धरा."

भूमिका स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात ओढणी कोंबून हसली.

संध्याकाळी रोहितनं समुद्राकाठचं एका खोलीचं कॉटेज दाखवलं. चंपतरावनं चष्मा लावून फोटो पाहिला.

"एवढीशी झोपडी? आणि ते पाण्यातलं ओलं सामान काय उशाशी ठेवसान? मोठी घे. ही पाय, दोन खोल्यांची."

"मामाजी, पण तिथं एसी एकाच खोलीत आहे," भूमिका म्हणाली.

"मंग? इथं कोणते दोन कूलर आहेत? आणि स्वयंपाकाचे भांडे मोठे आहेत का, तेही विचारून घे."

रोहितले वाटलं, बाप किती बदलला! त्याले उगाच भरून आलं. "बाबा, प्रेमानंददादाकडं नाही जाऊन राहिलो आम्ही. राग नाही ना?"

"राग काहून गा? जीव तर त्या बिचाऱ्याचा अडचणीत आहे."

दोन खोल्यांचीच बुक झाली, आणि भूमिकानं त्या दिवशी सासऱ्याले दुसऱ्यांदा चहा दिला, न मागता.

निघाचा दिवस आला. खाली टॅक्सी उभी. वच्छलाबाईनं दोघांच्या हातावर दही ठेवलं आणि एक मोठी पिशवी पुढं सरकवली. पापड, कुरड्या, सावजी मसाला, संत्रा बर्फीचे डब्यावर डबे.

"आई, एवढं कायले? आम्ही दोघंच तर आहो."

"असू दे वं, लागते." वच्छलाबाई नवऱ्याकडं पाहून हसली. "सांगा ना आता त्यायले."

"सांगतो. प्रेमानंदले सकाळी फोन केला मी," चंपतराव म्हणाला. "लय लाजून राहिला तो. नको काकाजी, नको काकाजी! मी म्हटलं, गप राय. पोट्ट्यायले त्या रंगाच्या वासात झोपवतं? आपली दोन खोल्यांची झोपडी कायले आहे मंग? तुम्ही पोचाच्या आधीच ते सारे जण सामान घेऊन तिथं येतीन. किल्लीही तोच घेऊन ठेवन."

भूमिकाच्या हातावरचं दही हातावरच राहिलं.

"आणि एसीवरून भांडू नका," चंपतराव पिशवी टॅक्सीत ठेवता ठेवता म्हणाला. "साऱ्यायच्या गाद्या त्याच खोलीत टाका, ओळीनं. त्याच्या सासूले मात्र तुमच्या दोघांच्या मधात झोपवजा, तिले भेव वाटते."